दक्षिण ध्रुवावरचे तीन ट्रॅक्टर

मागच्या आषाढात आमच्या मावळातल्या भातखाचरात काकांचा ट्रॅक्टर रुतला. चिखलणीला लोखंडी केजव्हील लावायची असतात. पण तेवढ्यासाठी कोण खटपट करतो, म्हणून काकांनी रबरी टायरांवरच ट्रॅक्टर खाचरात घातला होता. चाक अडकले तसा त्यांनी इंजिनाला जोर दिला. चाक गरगरा फिरले आणि ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी खाली गेला! बांधावरून शेजारचे म्हातारबुवा ओरडले, "अहो, रेस कमी करा! चाकाला धरायला काहीतरी द्या आधी." मग टायरला साखळी गुंडाळली, खाली करवंदीच्या फांद्या घातल्या, तेव्हा कुठे ते धूड बाहेर निघाले. रात्री पायांचा चिखल धुताना मला एकाएकी हिलरी आठवले.

हिलरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १९५३ सालचे एव्हरेस्ट आणि शेजारी उभे असलेले तेनसिंग येतात. पण याच गृहस्थांनी पुढे साडेचार वर्षांनी शेतावरचे तीन ट्रॅक्टर दक्षिण ध्रुवावर नेले, ही हकिगत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

आपण बर्फ हा एकच शब्द वापरतो, चाकाला मात्र दोन वेगळ्या शत्रूंशी लढावे लागते. गोठून काचेसारखा झालेला बर्फ टायरला धरूच देत नाही. तिथे वजन हवे आणि रुतणारी धार हवी. अमेरिकेतल्या हॅरी वीडने १९०४ साली टायरवरच्या साखळ्यांचे पेटंट घेतले ते याचसाठी. थंड मुलुखांतले शेतकरी टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइड घातलेले पाणी भरतात; ते सहजासहजी गोठत नाही आणि ट्रॅक्टर जड होतो. पण ताजे भुसभुशीत हिम असले की हेच वजन वैरी ठरते. तिथे भार पसरला पाहिजे. टायरमधली हवा कमी करून किंवा चाकांभोवती पट्टा चढवून. आता ज्याला दोन्ही प्रकारच्या भूमीवरून जायचे आहे, त्याने करावे काय?

हा पेच ध्रुवाकडे जाणाऱ्यांना फार आधीपासून छळत होता. शॅकल्टनने १९०८ साली अंटार्क्टिकावर पहिली मोटार नेली. समुद्रावरच्या टणक बर्फावर ती चालली, मऊ हिमात तिची चाके रुतून बसली. स्कॉटने चाकांऐवजी पट्ट्यांच्या तीन गाड्या नेल्या. त्यांतली एक १९११ च्या जानेवारीत जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोघींची पकड चांगली होती, पण इंजिनांनी दगा दिला. म्हणजे पाय सापडले तर छाती कच्ची!

हिलरींच्या हाती आले ते अठ्ठावीस अश्वशक्तीचे फर्ग्युसन ट्रॅक्टर, नांगरटीचे. पुढच्या आणि मागच्या चाकांवरून, मध्ये एक जादा चाक घालून, सलग पट्टे चढवलेले. वर वाऱ्याला अडवायला कापडी आडोसा. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी ते स्कॉट तळावरून निघाले. सोबत असलेली पट्ट्यांची वीझल गाडी वाटेत सोडून द्यावी लागली. बर्फातल्या छुप्या भेगांच्या भीतीने ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधलेले असत, गिर्यारोहक एकमेकांना बांधून घेतात तसे. हा मात्र अस्सल एव्हरेस्टवीराचा हिशेब!

खरे तर त्यांचे काम एवढेच होते, की पलीकडच्या किनाऱ्यावरून खंड ओलांडून येणाऱ्या डॉ. फुक्स यांच्यासाठी वाटेत इंधनाचे साठे ठेवायचे. सातशे मैलांवरचा शेवटचा साठा डिसेंबरच्या मध्यास ठेवून झाला. तिथून ध्रुव आणखी पाचशे मैल. मोहिमेचे नायक फुक्स. आधी ध्रुव गाठण्याचा मान कोणाचा, यावर पुढे वर्तमानपत्रांनी पुष्कळ धुरळा उडवला. मला विचाराल तर हिलरींनी मर्यादा ओलांडली खरी, पण त्यांच्या जागी थांबणारा माणूस मला तरी माहीत नाही.

ती पाचशे मैलांची वाट मऊ हिमाची होती. विरळ हवेत इंजिनांचा दम कमी झाला, पट्टे रुतू लागले. मग त्यांनी मागच्या घसरगाड्यांवरचे ओझे कमी केले आणि बैलाच्या चालीने पुढे सरकत राहिले. ४ जानेवारी १९५८ रोजी पाच माणसे आणि तीन ट्रॅक्टर ध्रुवावर पोचले. टाक्यांत इंधन उरले होते सुमारे वीस गॅलन. अमुंडसेन आणि स्कॉट यांच्यानंतर जमिनीवरून तिथे पोचलेली ही तिसरी तुकडी, आणि यंत्रावर बसून पोचलेली पहिली. फुक्स १९ जानेवारीला आले आणि २ मार्चला त्यांनी खंड पार केला.

न्यूझीलंडने १९९२ साली पाच डॉलरच्या नोटेवर हिलरींचे चित्र छापले. त्यांच्या बाजूला एव्हरेस्ट नाही. त्यांच्याच देशातला माउंट कुक आहे, आणि खाली एका कोपऱ्यात तो ट्रॅक्टर. काकांना मी ते चित्र दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आता यंदा केजव्हील आधी लावू."