नेक्टरिन लावायचं? आधी संत्र्याचा इतिहास ऐका



मागच्या आठवड्यात गावातल्या एका पोरानं मोबाईलवर फोटो दाखवला. लालबुंद, गुळगुळीत फळ. "काका, हे नेक्टरिन. रोप ऑनलाईन भेटून राह्यलं. घराजवळच्या तुकड्यात दोन झाडं लावू का?"

म्हटलं, "थांब बा, पैसे टाकू नको अजून. आधी आपल्या संत्र्याची गोष्ट ऐक." तीच इथं लिहून ठेवतो.

नेक्टरिन म्हणजे वेगळं झाड नाही. पीचच ते, फक्त सालीवर लव नाही. एका जनुकाचा फरक. पीचच्याच झाडाच्या एखाद्या फांदीवर नेक्टरिन लागल्याचे दाखले डार्विननं 1868 च्या ग्रंथात दिले आहेत. पीच मूळ चीनचं. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगनं लिहून ठेवलं की कनिष्काच्या काळी चीनकडून ओलीस आलेल्या लोकांनी पीच आणि नाशपाती पंजाबात आणली.

म्हणजे फळ देशात येऊन कित्येक शतकं झाली. हिमाचल, काश्मीर, पंजाब इथं ते रुजलं. मग वऱ्हाडात बागा का नाही झाल्या?

मुख्य कारण थंडी. हे झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपते. ती झोप पुरी व्हायला साधारण 7 अंशांखालच्या थंडीचे ठराविक तास लागतात. जुन्या जातींना 600 ते 1000 तास. फ्लोरिडात 1950 च्या दशकापासून कमी थंडीच्या जाती काढल्या, पंजाबातल्या पीचच्या बागा अशाच जातींवर उभ्या राहिल्या. पण त्यांनाही 150 ते 300 तास लागतातच. अकोला-अमरावतीत पारा 7 च्या खाली जातो तो मोजक्या रात्री, तेही पहाटेचे काही तास. झोप अर्धवट राहिली की डोळे मागंपुढं फुटतात, फूल विरळ, फळ नाममात्र. दुसरं कारण आपली काळी जमीन. पीचच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही, आणि ऑगस्टात आपल्या वावरात काय होते ते सांगायला नको.

आता संत्रा पाहा. तोही परकाच. नागपूरकर रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून कलमा आणून नागपुरात लावल्या, असं सांगतात. 1867 ला रेल्वे नागपुरात पोचली, फळ दूर जाऊ लागलं. पुढं वरूड-मोर्शी म्हणजेच संत्रा असं समीकरण झालं. 2014 ला नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हा परका का टिकला? कारण त्याला विश्रांतीसाठी थंडीच पाहिजे असं नाही, पाण्याचा ताणही चालतो. डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत सोडा, आंबिया फुटतो. मे महिन्यात ताण द्या, पाऊस पडला की मृग फुटतो. जे काम हिमाचलात थंडी करते, ते आपल्या बापजाद्यांनी पाणी तोडून करून घेतलं.

दुसरी गोष्ट खुंटाची. संत्र्याचा डोळा जंभेरीवर बांधला की झाड जोमानं वाढते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जंभेरीच चालली. पण फायटोप्थोरा बुरशीपुढं ती कच्ची पडते. आमच्याच घरचं सांगतो. बाबांनी स्वस्त मिळाल्या म्हणून कलमा आणल्या. डोळा जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर. लावताना जोड मातीत गेला, वरून पाटाचं पाणी थेट बुंध्याला. डिंक्या लागला. बाराव्या वर्षी, ऐन उत्पन्नाच्या वेळी, निम्मी बाग तोडली. बाबा त्या दिवशी वावरात आले नाहीत. चूक दिसली बाराव्या वर्षी, झाली होती पहिल्याच दिवशी.

देशच्या देश या चुकीतून गेले आहेत. ब्राझीलमध्ये जवळपास सगळ्या मोसंबीवर्गीय बागा आंबट नारिंगीच्या एकाच खुंटावर होत्या. 1930 च्या दशकाअखेर ट्रिस्टेझा विषाणू आला आणि लाखो झाडं वाळली. मग त्यांनी रंगपूर लाईमचा खुंट धरला. आपल्याकडंही हा खुंट आता परिचयाचा आहे, पाण्याचा ताण तो जंभेरीपेक्षा बरा सोसतो. वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा बेसुमार झालेला असताना ही बाब लहान नाही. सगळी बाग एकाच खुंटावर लावू नका, एवढं तरी ब्राझीलकडून शिकावं.

म्हणून त्या पोराले सांगितलं ते असं:

1. फळ पाहून झाड घेऊ नको. आधी त्याची थंडीची गरज विचार, मग खुंट कोणता ते विचार. ज्याला दोन्ही सांगता येत नाही, त्याच्याकडून रोप नको.

2. संत्र्याची कलम असेल तर डोळा जमिनीपासून 25 ते 30 सेंटिमीटर वर पाहिजे. लावताना जोड मातीबाहेरच ठेव.

3. काळ्या जमिनीत चर काढ, गादीवाफ्यावर लाव. पाणी दुहेरी आळ्यानं नाही तर ठिबकनं, बुंधा कोरडा राहिला पाहिजे.

4. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी.

5. शंका असेल तर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरचं लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र आहे. एक चक्कर बारा वर्षांपेक्षा स्वस्त पडते.

नेक्टरिनची हौसच असेल तर चिखलदऱ्यासारख्या उंच, थंड जागी कमी थंडीच्या जातीचं एखादं झाड लावून पाहावं. हौस म्हणून, बाग म्हणून नाही.

पोरगं जरा हिरमुसलं. मग म्हणालं, "काका, मंग रंगपूरवरच्या दोन कलमा पाहाले कधी जाऊ?" म्हटलं, जून लागू दे, मी येतो संगं.

तुमच्या बागेत कोणता खुंट आहे, झाडं किती वर्षांची, डिंक्या किती? खाली लिहा. आपल्यापैकी निम्म्यांना आपला खुंटच ठाऊक नसतो, तिथून सुरुवात करू.