रोटरीच्या दबदब्याची उलटतपासणी

गाडीच्या रंगावरचे बारीक गोलगोल ओरखडे, डिटेलिंगवाले ज्यांना स्वर्ल म्हणतात ते, घालवायला कुठलं मशीन घ्यावं असं कुणालाही विचारा. डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज असो, डिटेलिंगचं दुकान असो की हार्डवेअरचा काउंटर, उत्तर बहुधा एकच येतं: खरं काम रोटरीच करते; ड्युअल अॅक्शन, म्हणजे डीए, हे हौशी माणसाला मेण लावायला ठीक. त्याला जोडून एक पोटनियमही मिळतो: वॅट जितके जास्त, तितकं मशीन चांगलं. माझ्या मते हे दोन्ही चूक आहे, आणि स्वर्ल काढण्यापुरतं तर नेमकं उलटं आहे.

पण आधी पूर्वपक्ष नीट मांडू. रोटरीत पॅड एका स्थिर अक्षाभोवती फिरतो, मिनिटाला साधारण 600 ते 3000 फेरे. मोटर थेट पॅडला फिरवते, त्यामुळे हात कितीही दाबला तरी पॅड थांबत नाही. डीएमध्ये मोटर पॅडला एका लहान वर्तुळात डोलवते. या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात आणि तो 8, 15 किंवा 21 मिलिमीटर असतो. पॅडचं स्वतःभोवती फिरणं मात्र मोटरच्या हाती नसतं. तो बेअरिंगवर मोकळा असतो आणि डोलण्याच्या ओघात फिरतो. दाब वाढला किंवा पत्रा वळणाचा असला, की तो फिरायचाच थांबतो. पूर्वपक्षाचं म्हणणं सरळ आहे: जे यंत्र दाबलं की थांबतं, ते कापणार काय? शिवाय रोटरी झपाट्याने काम उरकते. दोन हजार ग्रिटच्या पॉलिश पेपरने घासलेला नवा रंग चमकवायचा असेल, तर लोकरीचा बफ लावलेल्या रोटरीसारखं दुसरं काही नाही. हा शेवटचा मुद्दा मी आताच मान्य करून टाकतो. तो खराच आहे. फक्त तो स्वर्लबद्दल नाही.

स्वर्ल म्हणजे काय, इथूनच गोंधळ सुरू होतो. उन्हात बॉनेटकडे पाहिलं, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ओरखड्यांची वर्तुळं दिसतात. म्हणून लोक समजतात की गोल हात फिरवल्याने गोल ओरखडे पडले. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांनी विखुरलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या किरणाला आडवे येतात, तेवढेच चमकून डोळ्यात भरतात. दिवा हलवला की वर्तुळंही हलतात. हे ओरखडे येतात कुठून, ते पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत पहाटे दिसतं: एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा-पंधरा धुळकट गाड्या. धूळ म्हणजे बारीक खडीच. ती न धुता पुसली, की रंगावर घासली जाते.

या ओरखड्यांची खोली साधारण एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. ज्या थरावर ते पडतात तो पारदर्शक क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. वर्तमानपत्राचा कागद त्याहून जाड, सुमारे 70 मायक्रॉन. म्हणजे काढायचा आहे तो या आधीच पातळ असलेल्या थराचा अगदी वरचा अंश. याला ताकद किती लागणार? ज्या कामाला अंदाज लागतो, तिथे आपण मशीनचा जोर मोजत बसलो आहोत.

आता वेगाचा हिशेब करू. पूर्वपक्षाचा सगळा भार त्याच्यावरच आहे. 1927 साली एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी काचेची तावदानं घासणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करून एक साधं सूत्र मांडलं: पृष्ठभागाची झीज ही दाब आणि सापेक्ष वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते. भिंगं घासणारे ते आजही वापरतात. आता 150 मिलिमीटरचा पॅड रोटरीवर 1500 फेऱ्यांनी फिरवा. कडेचा वेग सेकंदाला जवळपास 12 मीटर येतो. मध्यबिंदूचा वेग शून्य. एकाच पॅडखाली एका जागी भरपूर कापलं जातंय आणि दुसऱ्या जागी काहीच नाही. तोच पॅड 15 मिलिमीटर थ्रोच्या डीएवर मिनिटाला 4500 वेळा डोलवा. वेग येतो सेकंदाला साडेतीन मीटर, पण तो कडेलाही तेवढाच आणि मधोमधही तेवढाच. पॅडचं स्वतःचं फिरणं त्यात थोडी भर घालतं, एवढंच.

रोटरीवाला म्हणेल, बघा, आमचा वेग तिप्पट! खरं आहे. पण घर्षणाने निर्माण होणारी उष्णताही दाब आणि वेग यांच्याच गुणाकारातून येते. कापणं तिप्पट घ्याल तर तापणंही तिप्पट घ्यावं लागेल. लोखंडी पत्रा ही उष्णता पसरवून टाकतो. प्लॅस्टिकचा बंपर ती तिथेच धरून ठेवतो, आणि रंग जळण्याच्या घटना बंपरवर का घडतात, याचं उत्तर त्यात आहे. मग जाणकार रोटरीवाला दुसरी बाजू घेतो: कसबी माणूस रोटरी 600 वर चालवतो. चालवू दे. 600 फेऱ्यांवर त्याच पॅडच्या कडेचा वेग होतो 4.7 मीटर, आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने सरासरी वेग त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे सव्वातीन मीटरच्याही आत. हा तर डीएचाच वेग झाला! रोटरी सुरक्षित करायची म्हटली की तिचा वेगाचा फायदा गेला. वेगाचा फायदा ठेवायचा म्हटला की सुरक्षितता गेली. दोन्ही एकदम मागता येत नाहीत.

आणि मंद चालवूनही एक दोष उरतोच. रोटरीचे अपघर्षक कण सतत एकाच दिशेच्या कमानीतून जातात, म्हणून मागे राहणारे सूक्ष्म चरेही एका दिशेचे, ओळीने पडलेले असतात. उन्हात गाडीभोवती चालताना जी लाटांसारखी हलती झाक दिसते, ती हीच. तिला होलोग्राम म्हणतात. स्वर्ल काढायला नेलेली काळी गाडी होलोग्राम घेऊन परत आलेली मी किती पाहिल्यात! दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळं आरशासारखं दिसतं, कारण घासायच्या कंपाउंडातलं तेल चरे बुजवून बसलेलं असतं. दोन-तीन धुण्यांनंतर खरं रूप बाहेर येतं. डीएचा मार्ग सतत स्वतःलाच छेदत जातो. त्याच्या चऱ्यांना एक दिशाच नसते, म्हणून डोळ्याला खुपणारी झाक तयार होत नाही. गंमत अशी की पुष्कळ रोटरीवाले शेवटचा हात डीएनेच मारतात. मग सुरुवातही तिनेच का करू नये, हा प्रश्न ते स्वतःला विचारत नाहीत.

आणखी एक युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो: रोटरीच्या उष्णतेने क्लिअर कोट वितळून ओघळतो आणि ओरखडे आपोआप भरून येतात. ही कल्पना अगदीच हवेतली नाही, तिला वंशावळ आहे. ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ जॉर्ज बिल्बी यांनी 1921 च्या ग्रंथात मांडलं होतं, की पॉलिश करताना धातूचा वरचा थर वाहतो आणि खाचा झाकतो. 1937 मध्ये बोडन आणि ह्यूज यांनी त्याला घर्षणाच्या उष्णतेने वितळण्याचा आधार दिला. पुढे सूक्ष्मदर्शकं सुधारली आणि चित्र पालटलं: पॉलिश करणं हे मुख्यतः बारीक कापणंच आहे, असं निष्पन्न झालं. रंगाच्या बाबतीत वितळण्याचा मुद्दा एकेकाळी लागू होता. जुने लॅकर रंग उष्णतेने मऊ पडणारे होते; जनरल मोटर्सच्या कारखान्यांत अॅक्रिलिक लॅकर भट्टीत तापवून पुन्हा सपाट वाहू देण्याची पद्धतच होती. आजच्या क्लिअर कोटमधले रेणू मात्र एकमेकांत कायमचे गुंफलेले असतात. तो तापवला तर आधी मऊ पडतो, मग जळतो. वितळून वाहत नाही. उष्णतेने ओरखडे भरून येणारी वस्तू बाजारात आहे, पण ती गाडीवर चिकटवायची संरक्षक फिल्म. लोकांनी फिल्मचा गुण रंगाला चिकटवला.

रोटरीचा हा दरारा आला कुठून, त्याचं उत्तरही लॅकरच्या काळातच आहे. ड्युपाँटचं ड्युको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर 1923 मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आलं, आणि आपल्याकडचे पेंटर अजूनही तो प्रकार त्याच नावाने ओळखतात. हे लॅकर झटपट वाळायचं, पण वाळल्यावर निस्तेज दिसायचं. घासल्याशिवाय त्याला चमक नव्हतीच. म्हणून रबिंग-पॉलिश हा रंगकामाचाच भाग होता. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनी गाडीला गॅरेजात नवा रंग चढला, की त्यावर कंपाउंड आणि बफ चालायचाच. त्या गाड्यांवर रंगच वर होता. घासताना तो फडक्यावर उतरायचा आणि पेंटरला कळायचं, आता पुरे. क्लिअर कोट फडक्यावर काहीच ठेवत नाही. तो संपत आला तरी फडकं स्वच्छच दिसतं, आणि संपल्याचं कळतं ते वर्षा-दोन वर्षांनी, टपावर पांढरे पापुद्रे सुटायला लागल्यावर. जुन्या कारागिराचा हात वाईट नव्हता. त्याला इशारा देणारी खूण तेवढी नाहीशी झाली. (काही साध्या पांढऱ्या गाड्यांवर आजही वेगळा क्लिअर कोट नसतो, तिथे जुनी खूण अजून चालते.)

राहिला डीए थांबण्याचा आक्षेप. तो पूर्वी वजनदार होता. 8 मिलिमीटर थ्रोची जुनी मशीनं खरोखर कंटाळवाणी होती, एका बॉनेटला दुपार जायची. रुपेस या इटालियन कंपनीने 15 आणि 21 मिलिमीटर थ्रोची मशीनं आणली, इतरांनी तो मार्ग धरला, आणि जोडीला मायक्रोफायबरचे पॅड आले. तेव्हापासून हा आक्षेप पुष्कळसा जुना झाला आहे. उरलेल्या भागाला उपाय सोपा: पॅड ज्यावर बसतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसतेय तोवर काम चाललंय. थांबली की दाब कमी करा, पॅड सपाट धरा. तरीही वळणावर अडत असेल तर जर्मन फ्लेक्सच्या एक्ससी 3401 सारखं मशीन आहे, जे डोलवतंही आणि गिअरने जबरदस्तीने फिरवतंही. ते थांबत नाही, पण रंगाला जास्त तापवतं, आणि हाताला थकवतं.

आमच्या बाजूचीही एक अतिशयोक्ती खोडली पाहिजे. डीएने रंग जळूच शकत नाही, असं तिचे विक्रेते बेधडक सांगतात. जळू शकतो. थ्रो मोठा, पॅड कोरडा आणि हात कडेवर रेंगाळला, की डीएही क्लिअर कोट पार करून जाते. फक्त चूक लक्षात यायला ती वेळ देते, रोटरी देत नाही.

वॅटच्या पोटनियमाला फार वेळ द्यायची गरज नाही. चांगल्या डीए 500 वॅटच्या आसपास असतात आणि पुरतात, कारण त्यांना मोठा पॅड जोराने ओढायचा नसतो. वॅट पाहून घेणारा माणूस शेवटी चार इंची ग्राइंडरला पॅड लावतो. मिनिटाला 11,000 फेरे, म्हणजे कडेला सेकंदाला 57 मीटर. ते लोखंड कापायचं अवजार आहे, गाडीपासून ते दूरच ठेवावं.

मग घ्यावं काय? एका घरच्या गाडीसाठी 15 मिलिमीटर थ्रोची, मोकळ्या बेअरिंगची डीए, पाच इंची बॅकिंग प्लेट, मध्यम आणि मऊ असे फोमचे चार-पाच पॅड. 21 ची मशीन मोठ्या एसयूव्हीच्या सपाट दारांवर झपाट्याने जाते, पण हॅचबॅकच्या वळणांवर ती उड्या मारते. खांब आणि आरसे यांसाठी तीन इंची छोटं मशीन नंतर घेता येईल. पैसे उरले तर दुसरं मशीन घेण्याऐवजी रंगाची जाडी मोजणारं मीटर घ्यावं. साधं मीटर पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. दुरुस्त झालेल्या दारावर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट दिसला, की तिथे पुन्हा रंग चढलाय किंवा खाली लांबी (पुट्टी) आहे हे ओळखून हात आवरता येतो.

आणि काम स्वतः करायचं नसेल, तर दुकानदाराशी मशीनच्या नावावरून वाद घालू नका. त्याला बॉनेटवर फूटभर चौरस जागा आधी करून दाखवायला सांगा, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, गाडी बाहेर उन्हात आणा, आणि तिथे तिरक्या नजरेने पाहिल्यावरच उरलेल्या गाडीचा होकार द्या.