नागपूरचे हवामान
महाराष्ट्रातील खंडांतर्गत हवामानाचे ठळक उदाहरण. शहर 21° उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, सुमारे 310 मी. उंचीवर आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने त्याचा समतोल राखणारा परिणाम येथे पोहोचत नाही. जमीन लवकर तापते व लवकर निवते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवसही, तेव्हाच सुरू होतो. मात्र उन्हाळ्याच्या तीव्रतेस केवळ सूर्य कारण नाही. वायव्येकडील कोरडे वारे ढग बनू देत नाहीत आणि मातीतला ओलावा आटल्यावर उष्णतेचा फारच थोडा भाग बाष्पीभवनात खर्च होतो. उरलेली सगळी उष्णता हवा तापवते. 23 मे 2013 रोजी येथे 47.9° से. तापमान नोंदले गेले. याच कोरडेपणामुळे वाळ्याच्या ताट्यांचे कूलर येथे उत्तम काम देतात. मुंबईच्या दमट हवेत ते निरुपयोगी ठरतात.

जूनच्या मध्यास मोसमी पाऊस येतो. वर्षाकाठी सुमारे 1,000 ते 1,100 मिमी. पाऊस पडतो. तो मुख्यतः बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. हिवाळ्यात निरभ्र आकाशातून जमिनीची उष्णता रात्री निसटते. 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5° से.पर्यंत उतरला होता. हिवाळ्याच्या अखेरीस दमट व कोरडे वारे एकत्र आले, की गारपीट होऊन संत्र्याच्या बागांचे अतोनात नुकसान होते.