करार मोठा की संविधान?

गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, ही रीत आम्हा वाशिंद, शहापूर, मुरबाडच्या बायकांना नवी नाही. खरं तर सारख्या कामाला सारखा मोबदला द्यावा, हा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५१ मध्येच केला. भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला. मग तेवढ्याने मजुरी सारखी झाली का?

नाही झाली. आपल्याकडे परदेशांशी केलेला करार आपोआप कायदा होत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो आणि तो कायदाही संविधानात बसावा लागतो. १९५८ मध्येच पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांनी बंगालमधल्या बेरुबारीची वाटणी ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितलं, देशाची जमीन द्यायची तर आधी घटनादुरुस्ती करा. दोन पंतप्रधानांचा शब्दही संविधानापुढे चालला नाही.

मग करार नुसता कागदच का? तसंही नाही. समान वेतनाचं तत्त्व संविधानाच्या कलम ३९ मध्ये आहे, पण ते सरकारला दिलेलं मार्गदर्शन. नुसत्या त्यावर कोर्टात जाता येत नव्हतं. १९७६ मध्ये समान मोबदल्याचा कायदा झाला आणि वाट मोकळी झाली. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकोस्टा यांनी दाद मागितली. कंपनी म्हणाली, युनियनशी तसंच ठरलंय, शिवाय जास्त देणं परवडत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. निकालात त्या १९५१ च्या कराराचाही दाखला होता.

पुढे १९९७ मध्ये विशाखा खटला आला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावर तेव्हा वेगळा कायदाच नव्हता. भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या स्त्रीहक्कांच्या कराराचा आधार घेऊन न्यायालयाने नियम घालून दिले. कायदा २०१३ मध्ये झाला. हा आधार घेता आला, कारण तो करार संविधानातल्या समतेच्या हक्काला धरून होता.

तेव्हा करार संविधानाच्या वर नाही, पण त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. लावणीला किंवा वीटभट्टीवर तेच काम करून हातात कमी पैसे पडले, तर गप्प बसू नका. सारखी मजुरी हा आपला कायद्याचा हक्क आहे. चौघी मिळून कामगार खात्याकडे अर्ज द्या.