वऱ्हाडातील प्रौढशिक्षण

शालेय वयात अक्षरओळख न झालेल्या स्त्रीपुरुषांस लेखन, वाचन व गणित शिकविण्याचे जे प्रयत्न वऱ्हाडात झाले, त्यांचे मूळ शाळेपेक्षा कीर्तन-भजनाच्या परंपरेत अधिक आढळते. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८५५ मध्येच पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली होती. तथापि वऱ्हाडात या विचारास लोकचळवळीचे रूप विसाव्या शतकात आले.

कापसाच्या नगदी पिकाने येथील शेतकऱ्याचा संबंध बाजारपेठ, सावकार व कचेरी यांच्याशी लवकर आला. कर्जरोखा, खरेदीखत व मापाची पावती हे सर्व व्यवहार कागदावर होत. अंगठा उठविणाऱ्याला त्यातील मजकूर दुसऱ्याने वाचून दाखवील तेवढाच कळे. निरक्षरतेची किंमत अशा प्रकारे कधीकधी जमिनीच्या रूपाने द्यावी लागे.

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे स्वतः निरक्षर होते. श्रोत्यांना प्रश्न विचारीत ते कीर्तन रंगवीत आणि कर्ज, व्यसन व अज्ञान यांचा परस्परसंबंध त्यांच्याच तोंडून वदवून घेत. प्रौढास लहान मुलाप्रमाणे न शिकविता त्याच्या अनुभवापासून आरंभ करावा, हे प्रौढशिक्षणाचे तत्त्व त्यांच्या कीर्तनपद्धतीत स्वाभाविकपणेच आलेले दिसते.

तिवसा तालुक्यातील मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अल्पच झाले होते. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई व लोकशिक्षण ही कामे गावोगाव पोहोचली. १९५५ साली सिद्ध झालेली त्यांची ग्रामगीता  सोप्या ओवीत असून एकाने वाचावी व इतरांनी ऐकावी, अशा वाचनास ती सोयीची आहे. नवसाक्षरांच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. कारण वाचावयास काही नसले, की शिकलेली अक्षरे काही वर्षांतच विसरली जातात. मात्र श्रवणाने माणूस जागा होतो, साक्षर होत नाही. त्यासाठी पाटी-पेन्सिलीचा नित्य सराव लागतोच.

शासकीय पातळीवर १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर नेण्यात आली. संपूर्ण गाव साक्षर करणे हे तिचे उद्दिष्ट होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम १५ ते ३५ वयोगटासाठी सुरू झाला. त्यातील वर्ग सुमारे दहा महिन्यांचा असे. वऱ्हाडात जूनमधील पेरणी, त्यानंतरचे निंदण आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापूस-वेचणी यांतून सलग दहा महिने सवड मिळणे कठीणच. दिवसभर वेचणी करून चूल पेटविणाऱ्या स्त्रीला रात्री कंदिलाच्या उजेडात बसविणे हे तर त्याहून अवघड. अधू झालेली दृष्टी व नातवंडांदेखत चुकण्याची लाज या अडचणी अहवालांत क्वचितच उमटतात. गळती झाली, तिचे खापर शिकणाऱ्याच्या अनास्थेवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे होय. वर्गाची वेळ शेतीच्या हंगामाशी जुळविणे आणि गावातीलच परिचित व्यक्तीने शिकविणे, हे उपाय अधिक उपयुक्त ठरतात.

राष्ट्रीय साक्षरता मिशन (१९८८) नंतर स्वयंसेवकांच्या बळावर जिल्हावार मोहिमा निघाल्या. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची साक्षरता ८७·३८ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून (८२·३४ टक्के) अधिक होती. २०२२ मध्ये आरंभलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील सर्वांचा समावेश असून वयाची वरची मर्यादा त्यात उरलेली नाही. त्याची वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची चाचणी महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी घेण्यात आली.