गणिताची भीती येते कुठून?

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या बाजूने नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्यावरील सातवाहनकालीन लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांच्या संख्या त्यात अंकचिन्हांनी कोरलेल्या असून, भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. त्याच घाटाखालच्या मुलखात आज ‘गणित आपल्याला जमायचे नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या चांगलेच ओळखीचे आहे.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात उरलेला मोठा आदिवासी पट्टा म्हणजे मुख्यतः शहापूर आणि मुरबाड. ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी समाजाची येथे दाट वस्ती आहे. या मुलांना गणित-विज्ञान ‘झेपत नाही’, असे शहरात सहज बोलले जाते. क्वचित कौतुकाच्या सुरातही, म्हणजे ‘त्यांचे निसर्गज्ञान वेगळेच’ असे म्हणून! दोन्हींचा अर्थ एकच: गणित आपले, रान त्यांचे.

वस्तुस्थिती तशी नाही. भातशेतीत माप घरातच असते. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी हा हिशेब जुन्या माणसांच्या जिभेवर असतो. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते आणि घेतलेली उचल त्यातून वळती होते. तो हिशेब चुकला तर हंगाम तोट्यात जातो. शिवाय अपूर्णांकांसाठी मराठीइतकी समृद्ध बोली क्वचितच असेल. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल शाळेत येण्यापूर्वीच ऐकते. जुन्या गावठी शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीही पाठ करून घेत. आजच्या वर्गात मात्र अपूर्णांक ‘अंश’ आणि ‘छेद’ होऊन येतो आणि घरच्या पाऊणशी त्याची गाठ कोणी घालून देत नाही.

हे केवळ येथलेच नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी आणि अचूक करत होती. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर आली की बहुतेक अडत होती. केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांची अडचण नेमकी उलटी होती: कागदावरचे गणित येई, बाजारातले नाही. मात्र यांपैकी नापास एकाच गटाला ठरवले जाते.

दुसरा अडसर भाषेचा. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन. एकोणपन्नास म्हणताना पन्नासातून एक वजा करावा लागतो. घरी कातकरी बोलणाऱ्या मुलासमोर हे सारे पहिली-दुसरीतच उभे राहते. ‘बालभारती’ने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा भाषा बिघडल्याचा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांना अडखळणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे. तमिळ, कन्नड, तेलुगूत दशक आधीच बोलला जातो, हे त्या गदारोळात फारसे ऐकू आले नाही. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तर सुरुवातीच्या वर्षांतच पाठ्यपुस्तकांची बोजड भाषा हा वंचित मुलांच्या विज्ञानशिक्षणातील मोठा अडथळा असल्याचे दाखवून दिले होते.

तिसरे कारण स्थलांतर. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. इतिहासाचा एखादा धडा बुडाला तर पुढचा वाचता येतो. पण भागाकार बुडाला की अपूर्णांक, प्रमाण आणि शेकडेवारी साऱ्यांवरच पाणी फिरते. विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालवल्या, त्या याच गरजेतून. परतलेले मूल मागे पडलेले असते ते काही महिन्यांनी. तेही पुढे स्वतःला बुद्धीने मागे समजू लागते. अनेकदा आपण ज्याला गणिताविषयीची नावड म्हणतो, ती अशी घडलेली असते.

विज्ञानाचेही तसेच. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या साठवणक्षमतेपैकी जवळजवळ निम्मी एकट्या भातसाची. आणि १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसाचे पाणी मुख्यतः उताराच्या बळावर मुंबईकडे वाहत गेले. दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातली. दाब, उतार, आकारमान यांचा याहून मोठा पाठ कोणत्या प्रयोगशाळेत मिळेल? तरी त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ‘विज्ञान आपल्या काय कामाचे?’ हा प्रश्न तेथे आळसातून येत नाही.

या मनोवृत्तीची किंमत पुढे मोजावी लागते. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद सुचवण्यात आली: दहावीला गणित वा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण किमान २० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावे, मात्र गणित-विज्ञानावर आधारित पुढील अभ्यासक्रम करता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. असा शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. हेतू गळती थांबवण्याचा आहे, यात शंका नाही. पण पॉलिटेक्निक, बी.एस्सी. नर्सिंग, कृषी पदवी या वाटा त्या एका शेऱ्याने पंधरा-सोळाव्या वर्षी बंद होतात. शिकवणी लावलेले शहरी मूल पुन्हा परीक्षेला बसेल. ही पुरवणी परीक्षा साधारणतः जुलैच्या सुमारास होते. शहापूर-मुरबाडमध्ये तेव्हा भातलावणी ऐन भरात असते आणि घरातला प्रत्येक हात शेतात लागतो.