काळ्या पाषाणाखाली काय आहे? कोयनेच्या भूगर्भशोधाचा इतिहास

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयना परिसरात 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. दख्खनचे पठार म्हणजे अढळ भूमी, अशी तोवरची समजूत. भूकंपविभागांच्या तत्कालीन नकाशात ‘शून्य’ विभागही होता; तो 1970 च्या सुधारणेत वगळण्यात आला. परंतु नकाशा दुरुस्त केल्याने मूळ प्रश्न सुटत नव्हता. 1962 मध्ये जलाशयात पाणी अडवल्यानंतर लहान हादरे सुरू झाले होते, हे खरे. पण तुटत होता तो खडक बेसॉल्टच्या थरांखाली काही किलोमीटर खोल होता. तो कोणीही पाहिलेला नव्हता.

न पाहिलेला खडक ओळखणे हेच उपयोजित भूभौतिकीचे काम. बेसॉल्टची घनता सुमारे 2.9, तर ग्रॅनाइटची 2.7 च्या आसपास. गाळाचे खडक बहुधा त्याहून हलके. या फरकामुळे जमिनीवरील गुरुत्वाकर्षणात अत्यल्प चढउतार होतात आणि ते मोजता येतात. कोयना भागात हे मूल्य आसपासच्या तुलनेत कमी भरले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील कृष्ण ब्रह्मम व नेगी यांनी 1973 मध्ये त्यावरून कोयना आणि कुर्डुवाडी येथे बेसॉल्टखाली खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात, असे अनुमान मांडले. अनुमान धाडसी होते, पण निराधार नव्हते. अडचण अशी की, गुरुत्वाचा एकच आकडा अनेक रचनांना लागू पडतो.

त्याच दशकात कैला आणि सहकाऱ्यांनी गुहागर ते चोरोची या रेषेवर स्फोट घडवून त्यांच्या लहरींची नोंद घेतली. बेसॉल्टमधून लहर सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर, तर खालच्या ग्रॅनाइटी पायातून सुमारे 6 किलोमीटर वेगाने जाते. त्यामुळे पायाची खोली काढता आली. मात्र वेगवान बेसॉल्टखाली मंद गतीचा गाळाचा थर असेल, तर अपवर्तित लहरींत तो दिसतच नाही. ही मर्यादा वर्गात शिकवताना बहुधा निसटते. गाळ न दिसणे आणि गाळ नसणे या दोन भिन्न गोष्टी होत.

म्हणून अखेर छिद्रच पाडावे लागले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर वेधन झाले. तेथे 338 मीटर बेसॉल्ट, त्याखाली केवळ 8 मीटर गाळाचा थर आणि मग जुना स्फटिकी पाया लागला. कोयनेजवळ रासाटी येथील 1522 मीटर खोल विवरात बेसॉल्ट 933 मीटरवर संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. मध्ये गाळ नव्हता. 2017 मध्ये गोठणे येथील प्रायोगिक विवर 3 किलोमीटर खोल गेले. तेथेही 1247 मीटर बेसॉल्टखाली ग्रॅनाइटी पायाच मिळाला.

एवढ्यावरून ब्रह्मम-नेगी यांना चुकीचे ठरवून मोकळे होणे न्याय्य नाही. विवर म्हणजे सुईचे टोक. त्याच्या भोवतीचा शेकडो चौरस किलोमीटरचा प्रदेश आजही गुरुत्व, चुंबकीय व विद्युतचुंबकीय मापनांवरूनच वाचावा लागतो. आता त्या मापनांना पडताळण्यासाठी हाती प्रत्यक्ष दगड आहे. कोयनेचे बहुतेक हादरे त्याच ग्रॅनाइटी पायात, 10 किलोमीटरच्या आत उगम पावतात.